नानांच्या घरचा नळ : ‘आयरनी’ या एका शब्दाचं प्रकरण

“बाई, नानांची विटंबना कोणी केली?”

नानांच्या कन्या माईंनी फोनवर पहिलंच वाक्य हे विचारलं. आवाज चढलेला नव्हता, बसलेला होता. त्यांच्या हातात स्मरणिकेचा पहिला फर्मा होता, छापून झालेली सोळा पानं. अकराव्या पानावर ठळक टायपात उपशीर्षक होतं : ‘नानांच्या नळाची विटंबना’. ते मराठी माझं होतं.

मी नागपुरात इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तीन भाषांत अनुवादाचं काम करते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण याच चुकीची धाकटी भावंडं मला वर्तमानपत्रांत, सबटायटलांत आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरांत सतत भेटतात. इंग्रजीतली ‘आयरनी’, म्हणजे अपेक्षेच्या बरोबर उलट घडणं किंवा शब्दांच्या उलट अर्थ असणं, हिंदीत ‘विडंबना’ होते आणि हिंदीतून मराठीत उतरताना तिचं काहीही होऊ शकतं. माझ्या हातून ते झालं.

नाना पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवत. गावाला नळपाणी योजना मिळावी म्हणून नऊ वर्षं त्यांनी अर्ज केले, मोजमापं घेतली, मुंबईच्या फेऱ्या मारल्या. त्यांच्या जन्मशताब्दीला घरच्यांनी चाळीस पानांची स्मरणिका काढायचं ठरवलं. मुख्य लेख नातवाचा. तो बंगळुरूला असतो आणि इंग्रजीतच लिहितो. मध्य प्रदेशाची हद्द जवळ, गावातली बरीच घरं हिंदी बोलणारी, म्हणून लेख तीन भाषांत छापायचा होता. हिंदी जबलपूरच्या माझ्या एका सहकाऱ्यांनी केलं. मराठी मी.

नातवाच्या लेखात तीन जागा होत्या. पहिली : ‘आयरॉनिकली’ या शब्दानं सुरू होणारं वाक्य, की ज्या माणसानं गावात नळ आणला त्याच्या स्वतःच्या घरात शेवटपर्यंत नळ नव्हता. त्यावरचं उपशीर्षक, ‘द आयरनी ऑफ नानाज टॅप’. दुसरी : नगरपालिकेनं ‘इन इट्स इन्फिनिट विज्डम’, म्हणजे शब्दशः ‘आपल्या अथांग शहाणपणानं’, नानांचं नाव एका कारंज्याला दिलं, ज्यात पाणी कधी आलंच नाही. तिसऱ्या जागी आयरनी हा शब्दच नव्हता. नानांनी माईंना लिहिलेलं पोस्टकार्ड तिथे जसंच्या तसं दिलं होतं : येत्या रविवारी शेवटच्या वस्तीला पाणी सुटणार आहे, मी टाकीपाशी उभा असेन, तू मुलांना घेऊन ये. कार्ड शनिवारी सकाळी पोचलं. नाना शनिवारी रात्री गेले. नातवानं पोस्टकार्डाखाली एवढंच लिहिलं होतं, की रविवारी सकाळी आठ वाजता पाणी सोडलं.

एकाच पानावर आयरनीचे तिन्ही मुख्य प्रकार आले होते : परिस्थितीतली, बोलण्यातली आणि नाट्यगत, म्हणजे वाचकाला ठाऊक असतं पण पात्राला नसतं अशी. अनुवाद करताना ते माझ्या लक्षात आलं नाही. मी तीन वाक्यं पाहिली आणि तिन्ही जागी चुकले, प्रत्येक जागी वेगळ्या प्रकारे.

चूक कशी घडली

मराठी करताना मी समोर इंग्रजी न ठेवता हिंदी ठेवलं. हिंदी फाइल आधी आली होती, वाक्यरचना जवळची होती, मुदत चार दिवसांची होती. हिंदीत उपशीर्षक होतं ‘नाना के नल की विडंबना’ आणि खाली वाक्य, ‘विडंबना यह है कि…’. हिंदी म्हणून दोन्ही अगदी बरोबर. मी ‘विडंबना’ तसाच ठेवला. नागपुरात हिंदी कानावर सारखी असते, त्यामुळे शब्द खटकला नाही.

पुढे ते पान प्रूफ तपासणाऱ्या काकांकडे गेलं. जुने, फार चोख माणूस. त्यांनी ‘ड’ खोडून वर ‘ट’ लिहिला. त्यांचा हिशेब सरळ होता : मराठीत विडंबन असतं किंवा विटंबना असते, विडंबना नसते. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होते. दुरुस्ती मला दाखवली गेली, मी मान डोलावली आणि पान छापायला गेलं.

आता मराठी कानानं ऐका. विटंबना कशाची होते? पुतळ्याची होते, मृतदेहाची होते, राष्ट्रध्वजाची होते. महाराष्ट्रात ही बातमी आली की दुकानांची शटरं खाली येतात. आणि विटंबना आपोआप होत नाही, ती कोणीतरी करतं. माईंचा प्रश्न ‘विटंबना झाली का’ असा नव्हता, ‘कोणी केली’ असा होता. त्या शब्दाच्या मागे मराठीत कर्ता उभाच असतो. इंग्रजी वाक्यात तसा कोणी नव्हता. मी तो छापून आणला होता.

एका मुळाच्या तीन फांद्या

फोन ठेवल्यावर मी आधी शब्दाच्या मुळाशी गेले. संस्कृतात ‘विडम्ब्’ म्हणजे नक्कल करणं, आणि नकलेतून हसं करणं. कालिदासाच्या कुमारसंभवात, पाचव्या सर्गात, हा शब्द फार सुंदर जागी येतो. पार्वती शंकरासाठी तप करते आहे आणि एक ब्रह्मचारी येऊन तिला शंकराचे दोष सांगतो. ‘इयं च तेऽन्या पुरतो विडम्बना’, ही आणखी एक फजिती तुझ्यापुढे आहे : गजराजावरून मिरवायची तू, लग्नानंतर म्हाताऱ्या बैलावर बसलेली दिसशील आणि भली माणसं गालात हसतील. इथे विडंबना म्हणजे चारचौघांत होणारं हसं.

त्या मुळातून मराठीनं दोन शब्द काढले आणि त्यांची कामं पक्की वाटून दिली. विडंबन हे साहित्यातलं : मूळ कवितेची चाल घेऊन तिची गंमत करणं. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’नं १९२५ मध्ये हा प्रकार घराघरांत नेला, आणि तेव्हापासून विडंबन म्हटलं की मराठी वाचक हसायला तयार होतो. विटंबना मात्र अपमानाच्या, अवमानाच्या बाजूला गेली. मधली जागा, म्हणजे नियतीनं मांडलेली विपरीत गोष्ट, या दोघींपैकी कोणाकडेच आली नाही.

हिंदीनं नेमकी तीच मधली जागा ‘विडंबना’ला दिली. जे व्हायला हवं होतं आणि जे झालं, यांच्यातलं अंतर, आणि त्या अंतराबद्दलची हळहळ. ती हळहळ किती जड असते याचा मला फार चांगला पुरावा मिळाला. एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदीच्या ‘आरोह’ या पुस्तकात बाबासाहेब आंबेडकरांचा ‘श्रम विभाजन और जाति-प्रथा’ हा उतारा आहे. त्याचं पहिलं वाक्य : ‘यह विडंबना की ही बात है कि इस युग में भी जातिवाद के पोषकों की कमी नहीं है।’ मूळ मजकूर १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषण लिहिलं, मंडळानं परिषदच रद्द केली आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. मी मूळ इंग्रजी उघडलं, तर तिथे ‘आयरनी’ नाही. तिथे ‘इट इज अ पिटी’ आहे. आजही जातीचं समर्थन करणारे आहेत ही खेदाची गोष्ट आहे, एवढंच त्यांनी म्हटलंय.

म्हणजे हिंदी भाषांतरात ‘पिटी’चं काम ‘विडंबना’ करते आहे आणि वाक्य अजिबात अडखळत नाही. आयरनी आणि खेद हिंदीत एका शब्दात नांदतात. इंग्रजीत तसं नाही. इंग्रजी ‘आयरॉनिकली’ दुःखाची असू शकते, मौजेची असू शकते, नुसती नोंदही असू शकते. बोलणारा थोडा लांब उभा राहून पाहत असतो. हिंदीतला बोलणारा जवळ येऊन उसासा टाकतो. उर्दूतून हिंदीत आलेला आणखी एक शब्द आहे, ‘सितमज़रीफ़ी’ : सितम म्हणजे जुलूम, ज़रीफ़ म्हणजे विनोदी वृत्तीचा. हसत हसत केलेला जुलूम. नशिबाच्या संदर्भात याहून नेमका शब्द मला तिन्ही भाषांत माहीत नाही, पण तो बैठकीतला शब्द आहे, तालुक्याच्या स्मरणिकेत तो चालला नसता.

मग मराठीत काय? पुस्तकी उत्तर ‘दैवदुर्विलास’. शब्द भारदस्त आहे आणि त्यात दैव कर्ता आहे, त्यामुळे माणसावर आरोप येत नाही. पण तो मोठ्या शोकांतिकेला शोभतो. रोजच्या बोलण्यात मराठी माणूस आयरनीला नावच देत नाही, तो ती छोट्या छोट्या शब्दांवर पेलतो. ‘नेमका’ हा त्यातला सर्वांत कामाचा शब्द. ‘छत्री घरी राहिली आणि नेमका त्याच दिवशी पाऊस आला.’ ‘मात्र’ दुसरा, ‘तेवढा’ तिसरा. ‘सगळ्यांना वाढलं, स्वतःचं पान तेवढं राहिलं.’ या वाक्यांत आयरनी पूर्ण आहे आणि तिच्यासाठी एकही नाम खर्ची पडलेलं नाही.

म्हणींतही तेच. ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. हिंदीत याला जोड आहेत : ‘चौबे गए छब्बे बनने, दुबे होकर लौटे’, ‘आँख के अंधे, नाम नयनसुख’. अपेक्षा एक, घडलं तिच्या बरोबर उलट, आणि उलटेपणाची खूण त्या गोष्टीतच : सोनं आणि कथील, नयन आणि आंधळेपण. ‘दुष्काळात तेरावा महिना’ या पंक्तीत बसत नाही. ते संकटावर संकट आहे. इंग्रजीतही लोक नुसत्या दुर्दैवाला किंवा योगायोगाला ‘आयरॉनिक’ म्हणून जातात. लग्नाच्या दिवशी पाऊस पडला तर ते दुर्दैव. वेधशाळेत काम करणाऱ्यानं स्वतः हिशेब मांडून कोरडा दिवस काढला आणि त्याच्याच लग्नात पाऊस पडला, तर ती आयरनी. विद्यार्थ्यांना मी हा फरक याच दोन लग्नांनी सांगते आणि तो लगेच समजतो.

दुसरं वाक्य : अथांग शहाणपण

या वाक्यावर माईंचा आक्षेप आलाच नव्हता, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली. हिंदीत ‘अपनी असीम बुद्धिमत्ता से’ झालं होतं, मराठीत मी ‘आपल्या अथांग शहाणपणानं’ केलं होतं. ‘अथांग’ शब्दामुळे ते स्तुतीसारखं वाटत होतं. माईंनी ते नगरपालिकेचं कौतुक म्हणूनच वाचलं होतं आणि नातवानं असं कौतुक का करावं, या विचारात त्या दोन दिवस होत्या, हे नंतर कळलं.

इंग्रजीत ‘इन इट्स इन्फिनिट विज्डम’ हा ठरलेला प्रयोग आहे. मुळात तो देवाबद्दल बोलायचा सूर. तो सरकारी कचेरीला लावला की वाचकाला उलट अर्थ कळतो, कारण त्यानं तो शेकडो वेळा तसाच ऐकलेला असतो. मराठीत या शब्दांना तशी सवय नाही, म्हणून सरळ अर्थ वर येतो.

आयरनीचा सर्वांत जुना अर्थ हाच, सोंग घेऊन बोलणं. ग्रीक सुखात्मिकेत ‘एइरॉन’ नावाचं ठरलेलं पात्र असे, आहे त्याहून कमी शहाणा असल्याचं सोंग करणारा. त्याच्यासमोर ‘अलाझॉन’, बढाईखोर. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये थ्रॅसिमॅकस चिडून सॉक्रेटिसवर याच सोंगाचा आरोप करतो. नियतीची किंवा परिस्थितीची आयरनी हा अर्थ त्या शब्दाला पुष्कळ नंतर चिकटला.

सोंग ओळखू आलं नाही तर काय होतं, याचं इंग्रजीतलं मोठं उदाहरण डॅनियल डिफोचं. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिण्याच्या कितीतरी आधी, १७०२ च्या अखेरीस, त्यानं एक निनावी पत्रक काढलं. डिफो स्वतः डिसेंटर, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचा. पण पत्रक त्यानं चर्चच्या कडव्या समर्थकाच्या आवाजात लिहिलं : या डिसेंटरांचा कायमचा नायनाट करा. कडव्यांची भाषा तिच्या टोकाला नेऊन दाखवायची, असा बेत. लोकांनी ते खरं मानलं. काही कडव्यांना ते पटलं, डिसेंटर घाबरले, आणि लेखक कोण हे उघड झाल्यावर दोन्ही बाजू भडकल्या. डिफोला दंड झाला, न्यूगेटच्या तुरुंगात जावं लागलं आणि जुलै १७०३ मध्ये तीन दिवस लंडनच्या रस्त्यात चौकटीत मान अडकवून उभं राहावं लागलं. त्याच्या पत्रकातलं सोंग इतकं पुरं होतं, की आत दुसरा कोणी आहे याची फटसुद्धा वाचकाला मिळाली नाही.

संस्कृत अलंकारशास्त्रानं ही फट कुठे असते याचा बारकाईनं विचार केला आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त एक श्लोक उदाहरण म्हणून येतो : ‘उपकृतं बहु तत्र किमुच्यते सुजनता प्रथिता भवता परम्।’ फार उपकार केलेस, काय बोलावं, तुझा चांगुलपणा तर जगाला दिसला. मित्रा, असंच करत राहा आणि शंभर वर्षं सुखात जग. अपकार करणाऱ्याला उद्देशून हे म्हटलंय. मम्मट सांगतो, की इथे शब्दाचा सरळ अर्थ पूर्ण बाजूला पडतो आणि विरुद्ध अर्थ हाती येतो. हे कळायला बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि आधी काय घडलं हे ठाऊक हवं. समोरासमोर असेल तर आवाजाचा हेलही मदत करतो. त्या हेलाला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे, काकू. छापील पानावर काकू नसते. म्हणून वाक्यातच तिच्यासाठी काहीतरी ठेवावं लागतं.

शब्दकोश इथे उलट गोंधळ घालतात. शाब्दिक आयरनीला हिंदीत व्यंग्य, कटाक्ष, व्याजोक्ति, वक्रोक्ति, व्याजस्तुति असे शब्द सुचवले जातात. व्याजोक्ती शास्त्रात वेगळीच : बाहेर पडू पाहणारी गोष्ट काहीतरी निमित्त सांगून झाकणं, जसं प्रेमानं आलेले रोमांच थंडीवर ढकलणं. वक्रोक्ती तर कुंतक या काव्यशास्त्रकाराच्या हाती साऱ्या काव्याचाच प्राण होते, एवढ्या मोठ्या शब्दाला एका टोमण्याशी बांधू नये. व्याजस्तुती पुष्कळ जवळची : वरून स्तुती, आतून निंदा, किंवा याच्या उलट. हिंदीत रोजच्या वापरातला शब्द व्यंग्य. हरिशंकर परसाई, शरद जोशी, श्रीलाल शुक्ल यांनी त्याला एका अख्ख्या लेखनप्रकाराचं वजन दिलं. परसाईंना १९८२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो व्यंग्यलेखांच्या संग्रहालाच. पण मराठीत ‘व्यंग’ म्हणजे शरीरातला दोष. दिसायला एका ‘य’चा फरक, उत्पत्ती पूर्ण वेगळी. हिंदीतला व्यंग्य म्हणजे सूचित झालेला, मराठीतलं व्यंग म्हणजे अंगातली उणीव. हिंदीवरून मराठी करणाऱ्यानं ‘विडंबना’इतकंच इथेही जपून असावं.

मराठीत यासाठी आपला शब्द आहे, उपरोध. आणि मुख्य म्हणजे उपरोधाची आपली तयार वाक्यं आहेत : ‘काय दिवे लावलेत’, ‘फार उजेड पाडलास’, ‘मोठे उपकार झाले’. यांना काकूची गरज नाही, सवयीनंच त्यांचा अर्थ उलटलेला आहे, अगदी ‘इन्फिनिट विज्डम’सारखा. मला तसाच घरचा, पण स्मरणिकेत शोभेल इतका सभ्य प्रयोग हवा होता.

तिसरी जागा

इथे मी जे केलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. पोस्टकार्ड आणि ‘रविवारी सकाळी आठ वाजता पाणी सोडलं’ या दोन ओळींच्या मध्ये मी ‘दैवदुर्विलास असा की’ हे शब्द घातले होते. हिंदीतही नव्हते ते. वाचकाला कळणार नाही अशी मला भीती वाटली होती.

कॉनप थर्लवॉल या इंग्रज विद्वानानं १८३३ मध्ये सोफोक्लिस या ग्रीक नाटककाराच्या नाटकांतल्या आयरनीवर निबंध लिहिला, तेव्हापासून नाट्यगत आयरनीची इंग्रजीत नीट चर्चा सुरू झाली. सोफोक्लिसच्या नाटकातला ईडिपस राजा गावाला लागलेल्या पापाचा धनी शोधतो, शाप उच्चारतो, आणि तो स्वतःलाच शाप देतोय हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत असतं. त्याला काहीच माहीत नसतं. कालिदासाचा तो प्रसंगही असाच. शंकराची निंदा करणारा ब्रह्मचारी म्हणजे स्वतः शंकर. वाचकाला ठाऊक आहे, पार्वतीला नाही, म्हणून तिचं प्रत्येक रागाचं उत्तर आपल्याला दुप्पट गोड लागतं. विडंबना हा शब्द त्या ब्रह्मचाऱ्याच्या तोंडी आहे, पण आज आपण जिला आयरनी म्हणतो ती त्या शब्दात नाही, सबंध प्रसंगाच्या रचनेत आहे. कालिदासानं तिथे थांबून ‘पाहा, कसा योग’ असं म्हटलं असतं, तर सगळं संपलं असतं.

नाना पोस्टकार्डात ‘मी टाकीपाशी उभा असेन’ म्हणतात तेव्हा वाचकाला तारखा कळलेल्या असतात. त्यांना काही माहीत नसतं. त्या दोन ओळींमधली कोरी जागा हेच नातवाचं लेखन होतं. मी ती बुजवली.

माईंच्या घरी

फर्मा पुन्हा छापायचा, माझ्या खर्चानं, हे मी त्याच दिवशी छापखान्याला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं माईंकडे गेले. नातू फोनवर होता. ओसरीवर तिन्ही भाषांची पानं शेजारी शेजारी मांडून बसलो.

मी आधी माफी मागितली. मग विडंबना आणि विटंबना हा घोळ समजावला. माई म्हणाल्या, “शब्दाचं समजलं. पण बाई, मला एक सांगा, इंग्रजीत तो काय म्हणतो आहे?” मी शक्य तेवढं सरळ सांगितलं : गावाला नळ दिला त्यांच्याच घरी नळ नव्हता, हे किती विपरीत, असं.

त्या गप्प बसल्या. आम्ही कारंज्याकडे वळलो. तिथे माई स्पष्ट होत्या : “नाना कोणाला टोचून बोलले नाहीत. त्यांच्या पुस्तकात टोमणा नको.” नातवाचं म्हणणं, “आत्या, लेखाखाली माझं नाव आहे. मला राग आहे आणि तो दिसायला हवा.” मला नातवाचं पटलं आणि मी तसं माईंना सांगितलं. सही असलेल्या लेखाचा सूर पुसणं अनुवादकाच्या अधिकारात नसतं. शेवटी वाक्य असं ठरलं : ‘नगरपालिकेनं नानांची आठवण ठेवली आणि मोठ्या मनानं एका कोरड्या कारंज्याला त्यांचं नाव दिलं.’ ‘मोठ्या मनानं’ला ‘कोरड्या’ आपटतो आणि अर्थ उलटा होतो. माईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “त्याच्या नावाखाली आहे तर असू द्या.”

हिंदीसाठी जबलपूरच्या सहकाऱ्यांना तिथूनच फोन लावला. त्यांनी वेगळाच मार्ग काढला : ‘विडंबना देखिए, जिस फ़व्वारे को नाना का नाम मिला, उसमें पानी कभी आया ही नहीं।’ बोलण्यातली आयरनी त्यांनी परिस्थितीतली केली. टोमणा गेला, हळहळ आली. नातवाला ते चाललं, कारण हिंदी वाचकाला त्यातून राग कळतोच. मूळ प्रकार टिकला नाही, मूळ भावना टिकली. मला ही देवघेव पटते, पण प्रत्येक वेळी लेखकाला विचारूनच ती करावी असं मी मानते.

पोस्टकार्डाच्या जागी तिन्ही भाषांत काहीच घालायचं नाही, एक ओळ कोरी सोडायची, हे एका मिनिटात ठरलं.

मग पुन्हा पहिलं वाक्य. मी लिहून नेलं होतं : ‘गावाच्या दारोदारी नळ गेला, नानांच्या घरी मात्र शेवटपर्यंत नळ नव्हता.’ नाम नाही, सगळा भार ‘मात्र’वर. उपशीर्षक नुसतं ‘नानांच्या घरचा नळ’. मला ते बरोबर वाटत होतं.

माईंनी पेन्सिल घेतली आणि ‘नव्हता’खाली रेघ ओढली. “नळ नव्हता नाही. नळ घेतला नाही.” मग त्यांनी सांगितलं ते नातवालाही ठाऊक नव्हतं. योजना मंजूर झाली त्या दिवशी नाना घरात म्हणाले होते, की गावाच्या शेवटच्या वस्तीला पाणी पोचल्याशिवाय आपल्या दारात नळ बसवायचा नाही. शेवटच्या वस्तीला पाणी सुटणार होतं त्या रविवारी. सोमवारी प्लंबर यायचा होता.

फोनवर नातू बराच वेळ बोलला नाही.

वाक्य असं छापलं गेलं : ‘गावाच्या दारोदारी नळ गेला. नानांनी तो शेवटपर्यंत घेतला नाही.’ त्याखाली माईंनी सांगितलेल्या त्या बोलण्याच्या तीन ओळी. ‘मात्र’ही मी काढला. जबलपूरला कळवल्यावर सहकाऱ्यांनी तिथली ‘विडंबना’ न विचारता खोडली, ‘नल था ही नहीं’चं ‘नल लिया ही नहीं’ केलं. रात्री नातवाची इंग्रजी फाइल परत आली. उपशीर्षक ‘नानाज टॅप’ एवढंच उरलं होतं, आणि वाक्याच्या सुरुवातीचा ‘आयरॉनिकली’ त्यानं काढून टाकला होता.